कुमामोतोच्या लोकांनी नेलेली विशाखा

विशाखा,

तुझ्या शोकसभेत मला अगदी मागची खुर्ची मिळाली. पुढे तुझी आई होती, तुझ्या शेवटच्या दिवसांत नागपूरहून घाईघाईने व्हिसा काढून आलेली. तिच्या शेजारी फ्रीमाँटची तुझी मित्रमंडळी, ज्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. आणि उरलेल्या पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर तुझी कुमामोतोची माणसं. काळे कोट, पांढरे केस, हातात जपमाळा. सॅन होजेच्या त्या जपानी बौद्ध मंदिरात तू त्यांच्या घरची असल्यासारखी फुलांत बसली होतीस, म्हणजे तुझा फोटो. आणि पुण्यातल्या जपानीच्या वर्गात जिच्या बाकावर तू रोज बसायचीस, ती मी दाराजवळ.

मला कुणी मुद्दाम मागे बसवलं नव्हतं. पार्किंग मिळेना म्हणून मी उशिरा पोचले. तरीही राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तुझ्याबद्दल चांगलं बोलून झालंय सगळ्यांचं. तू किती अभ्यासू, किती नम्र. नम्र? मी मागे बसून एकटीच हसले. तुझं खरं वर्णन करणारं तिथे कुणी नव्हतं, आणि ज्यांना तुझं अर्धंमुर्धं माहीत होतं त्यांना माईक मिळत होता.

आपण भेटलो तेव्हा तू होस्टेलवर राहायचीस आणि वर्गात फार बोलायची नाहीस. बोललीस की पोरं हसायची. ‘मी अभ्यास करून राहिली’ असं म्हणालीस की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘कुठे राहिली?’ विचारायचं. तू दोन महिन्यांत ते सोडलंस आणि आमच्यासारखं बोलायला लागलीस. फक्त चिडलीस किंवा फार खूश झालीस की नागपूर बाहेर यायचं. परीक्षेत पहिली मी, दुसरी तू. हे ठरलेलंच होतं. मला जपानी यायचं कारण मला पाठांतर यायचं. तू जपानीकडे का आलीस, हे विचारलं तेव्हा म्हणाली होतीस, ‘आमच्या घरी बुद्धाच्या फोटोशेजारी एक जपानी कॅलेंडर होतं. बाबांना कुणीतरी पाहुण्यांनी दिलेलं. वर्ष संपलं तरी बाबांनी काढलं नाही. लहानपणी मी ती अक्षरं बघत जेवायची.’ तेव्हाच मला तुझा पहिल्यांदा हेवा वाटला. मी जपानी शिकत होते नोकरीसाठी, आणि तुझ्याकडे ते भिंतीवर होतं.

मग मी आनंदशी लग्न करून सनीव्हेलला आले आणि सांता क्लाराच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत जपानी ग्राहकांचे मेल आणि मीटिंगा भाषांतरित करायला लागले. २००१ मध्ये तू आलीस, इतिहासात पीएच.डी. करायला. विमानतळावरून घरी येताना मी विचारलं, विषय काय? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ‘जपानच्या कुमामोतो प्रांतातून शंभर वर्षांपूर्वी माणसं इथे शेतावर मजुरीला आली. मला बघायचंय, ती कुमामोतोची कधी झाली?’

मी म्हटलं, ‘कधी झाली म्हणजे? तिथूनच आली ना?’

‘तिथून आली ती आपापल्या गावची होती. बंदरावर उतरली तेव्हा त्यांना कुणी विचारलं असेल की तू कुठला. तिथून सुरू झालं असेल.’

मला तेव्हा हे डोक्यावरून गेलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीनंतर कळलं. आठवतंय? प्रसादाच्या जेवणात तुमच्या नागपूरकडचा वडाभात ठेवू या, असं तू सुचवलंस. समितीतले एक काका म्हणाले, ‘वडाभात? हे काय असतं?’ आणि मी, जिने पुण्यात असताना मसालेभाताबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, मसालेभातासाठी अर्धा तास भांडले. नागपूरवाले एका बाजूला, पुण्याचे दुसऱ्या, मुंबईवाले घड्याळ बघत. परत येताना गाडीत माझी मलाच लाज वाटत होती. मी म्हटलं, ‘पुण्यात असताना मी पुणेकर नव्हतेच गं. फार तर कोथरूडची होते. मला पुणेकर या सनीव्हेलने केलं.’

तू सीटवर वळून बसलीस. ‘परत म्हण.’

मी परत म्हटलं. पुढच्या वर्षी तुझ्या विद्यापीठात तुझं भाषण झालं, तेव्हा मी रजा काढून आले होते. तू बोललीस कुमामोतोच्या लोकांबद्दल. त्यांनी इथे आपल्या प्रांताचं मंडळ कसं काढलं, एकमेकांची लग्नं कशी जमवली, सहलींना कसे जायचे, हिरोशिमाचे लोक चिकट आणि आपण हट्टी असं अभिमानाने कसं सांगायचे. आणि मग म्हणालीस, प्रांत ही सोबत आणलेली वस्तू नाही, ती परदेशात बांधलेली वस्तू आहे. माझंच वाक्य, इस्त्री करून, इंग्रजीत. सगळं सभागृह मान डोलवत होतं. तू मला श्रेय दिलंस, नाव घेऊन दिलंस, मला हात वर करायला लावलास. लोकांनी वळून बघितलं. मला वाटलं, हिने माझं वाक्य घेतलं आणि मला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढला.

त्या दिवसापासून मी तुझ्या विरुद्ध बाजूने वाद घालायला लागले. वाक्य माझं, आणि मीच ते खोडायचे. प्रांत जिभेवर येतो, सोबतच येतो, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, ‘तुझं मत बदललं की माझं झालं म्हणून आवडेनासं झालं?’ तू खळखळून हसायचीस.

तू थीसिससाठी शोधून काढलेल्या फुमिको आजींकडे आपण पहिल्यांदा गेलो ती शनिवारची दुपार होती. तुला गाडी चालवता यायची नाही, म्हणून मी आले. सनीव्हेलमध्येच, ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमागे त्यांचं जुनं लाकडी घर आणि मागे उरलेली थोडीशी जर्दाळूची झाडं. आजी जन्मल्या याच खोऱ्यात, पण लहानपणीच त्यांना कुमामोतोला त्यांच्या आजीकडे वाढायला पाठवलं. ऐन तारुण्यात त्या परत आल्या, युद्धात अमेरिकी सरकारने कोंडलेल्या बाकीच्या जपानी लोकांसारख्याच छावणीत राहिल्या, सुटल्यावर पुन्हा इथेच येऊन शेती केली. तेव्हा पंचाऐंशीच्या आसपास. त्यांचा मुलगा केन निवृत्त इंजिनियर, त्याला आईचं जपानी निम्मंच कळायचं.

दार उघडल्यावर मी कमरेत वाकून, एकही चूक न करता, अतिशय आदराच्या जपानीत आपली ओळख करून दिली. आजींनी माझ्यापेक्षा खाली वाकून मला ‘सेन्सेइ’ म्हटलं. सेन्सेइ म्हणजे गुरुजी, बाईसाहेब, डॉक्टरसाहेब, जे काय समजायचं ते. मला पुढच्या खोलीत बसवलं, चांगला कप दिला. तू अडखळत काहीतरी म्हणालीस. आजींनी तुला विचारलं, तुम्ही बौद्ध का? तू ‘हो’ म्हणालीस. झालं. त्यांनी तुझं मनगट धरलं आणि तुला आत, देवघराकडे घेऊन गेल्या. मी केनशी हवापाण्याबद्दल बोलत बसले. आतून उदबत्तीचा वास आला, मग मुळ्याच्या लोणच्याचा, मग तुमचं हसणं.

परतताना मी म्हटलं, ‘आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत बसले आणि तू आत.’

तू विचारलंस, ‘कसं वाटलं?’

‘वाईट वाटलं.’

‘हं. सवय होते.’

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं.

मग सगळेच शनिवार आजींचे झाले. त्या तुला ‘विशा-च्यान’ म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे विशू म्हणतात तसं. मी शेवटपर्यंत सेन्सेइ. त्या तुझ्याशी बोलायच्या ते त्यांच्या आजीचं कुमामोतोचं जपानी, ज्यात वाक्यांच्या शेवटी ‘बाय’ आणि ‘ताय’ लागतं. ‘योका बाय’ म्हणजे छान आहे हो, बरं चाललंय. तुला ते ऐकून पहिल्याच दिवशी हसू फुटलं होतं. ‘त्या मला एकदा बाई म्हणून राहिल्या अन् एकदा ताई.’ मला मात्र तो फक्त आवाज वाटायचा. दहा वर्षं घोटलेलं माझं जपानी त्या स्वयंपाकघरात काही कामाचं नव्हतं, आणि तुझं मोडकंतोडकं तिथे सरळ चालत जायचं. तू त्यांच्याशी मधूनच मराठीत बोलायचीस, तुझ्या नागपूरच्या मराठीत, आणि त्या समजल्यासारखी मान हलवायच्या. एकदा त्यांनी तुला ‘मोक्कोसु’ म्हटलं. कुमामोतोच्या हट्टी माणसाला म्हणतात तसं. तू गाडीत दिवाळीचा बोनस मिळाल्यासारखी बसली होतीस.

माझ्या मुलीचं, ईशाचंही तेच. मी काही सांगितलं की ‘आय नो, आई’. आणि तू आलीस की ‘काहून, मावशी?’ माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या पोरीच्या तोंडात तू तुझं गाव ठेवून गेलीस.

खरं भांडण झालं ते २००६ मध्ये. आजींच्या मुलाखतींच्या टेप्सचं लिखित जपानी आणि इंग्रजी भाषांतर तू मला करायला दिलंस, कारण मी ते काम रोज करत होते. मी मन लावून केलं. जे कळलं नाही ते केनला, नाहीतर तुला फोनवर विचारून. तू माझ्या किचनमध्ये उभी राहून पानं वाचलीस आणि टेबलावर ठेवलीस.

‘हे कोण बोलून राहिलं?’

‘म्हणजे?’

‘ही फुमिको आजी नाही. ही टोकियोच्या टीव्हीवरची बाई आहे. तिचं बाय कुठाय? ताय कुठाय?’

मी म्हटलं, ‘अर्थ तोच आहे. बाय-ताय ठेवलं तर वाचणारे तिला अडाणी समजतील. मी तिची अब्रू राखली.’

‘तिनं सांगितलं होतं राखायला?’

‘विशाखा, भाषांतराला एक शिस्त असते.’

‘माझंही असंच भाषांतर केलं होतं तुम्ही पुण्यात,’ तू म्हणालीस. ‘अर्थ तोच ठेवला, बाकी सगळं काढलं.’

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. तू पानं घेऊन बसस्टॉपकडे चालत गेलीस आणि मी तुला सोडायला आले नाही. दोन आठवड्यांनी तूच फोन केलास, काही झालंच नाही अशा आवाजात, शनिवारी येतेस का म्हणून. मी आले. पण तो वाद आपण पुन्हा कधी काढला नाही. मी आजही म्हणते की माझंही बरोबर होतं. गावाकडची म्हातारी इंग्रजीत चुकीच्या व्याकरणात बोलताना दिसली की शहाणी माणसं तिचं ऐकत नाहीत, तिच्याकडे बघतात. तुझं उत्तर काय होतं? तू थीसिसमध्ये दोन्ही रूपं छापलीस, माझं आणि तिचं, शेजारी शेजारी. ते उत्तर नव्हे. ती पळवाट होती, आणि परीक्षकांना ती फार आवडली, याचाही मला राग आला.

तुझा थीसिस झाला. आयोवामधल्या एका कॉलेजात नोकरी ठरली. मी तुझ्यासाठी पार्टी केली, वडाभात केला, आणि स्वयंपाक करताना मनात म्हणत होते, हिला बर्फात पाठवा. तू जाणार होतीस म्हणून. आणि तुझ्या नावापुढे डॉक्टर लागणार होतं आणि मी तेच मेल भाषांतरित करत बसणार होते म्हणून. दोन्ही कारणं खरी आहेत. मला त्यातलं एक निवडता येत नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं. मग ते स्कॅन. आयोवा राहूनच गेलं. केमोच्या दिवसांत मी तुला हॉस्पिटलात न्यायचे, आणायचे. गाडीत आपण ओबामावर भांडलो, पोह्यांत बटाटा घालावा का यावर भांडलो, केसांना टोपी की स्कार्फ यावर भांडलो. तू दमून जायचीस, पण शेवटचा शब्द तुझाच असायचा. मला वाटायचं, हे बरं चाललंय, भांडतेय म्हणजे जगतेय. जूनमध्ये तू गेलीस. तेव्हा तुझा हात माझ्या हातात नव्हता. तो तुझ्या आईच्या हातात होता, आणि तसंच असायला हवं होतं, हे मला कळतं.

शोकसभेनंतर फुमिको आजींची व्हीलचेअर केनने तुझ्या आईसमोर आणली. आजींनी आईंचे दोन्ही हात धरले आणि भरभर बोलायला लागल्या. आई माझ्याकडे बघायला लागल्या. ‘काय म्हणते वो ही माय? मले सांग न.’

सगळे माझ्याकडे वळले. शेवटी माझी वेळ आली होती. आणि विशाखा, मला एक शब्द कळला नाही. रडत्या, दात नसलेल्या तोंडातून येणारं ते कुमामोतो मला कळलं नाही. मी वाकून म्हटलं, माफ करा, पुन्हा सांगाल का? आजी थांबल्या. त्यांनी डोळे पुसले, पाठ ताठ केली, आणि माझ्यासाठी, सेन्सेइसाठी, स्वच्छ आदराच्या जपानीत म्हणाल्या, ‘आपल्या कन्येच्या निधनाने आम्हांला अतीव दुःख झाले आहे.’

तेच मी तुझ्या आईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. पोस्टातून आलेल्या कार्डावर लिहिलेलं असतं तसं ते होतं. आजी आधी काय बोलल्या ते तू असतीस तर सांगितलं असतंस. तुझ्या स्वतःच्या मरणाचं बोलणं, तेही तूच नीट पोचवलं असतंस, आणि मी तिथे उभी होते, तुझ्यावर जळत.

आई परत गेल्या. मागच्या शनिवारी मी काही न ठरवता फुमिको आजींकडे गेले. केन घरात नव्हता. घरात काठीने चालणाऱ्या आजींनी मला नेहमीच्या चांगल्या कपात चहा दिला. मग सोफ्याकडे बोट दाखवून माझ्यासाठी हळूहळू, सोप्या जपानीत म्हणाल्या, ‘विशा-च्यान इथे झोपायची.’

मी म्हटलं, ‘कधी?’

‘आजारात. बुधवारी यायची. बसने.’

मला हे माहीत नव्हतं. बुधवारी तू घरी आराम करतेस असं मला सांगायचीस. माझं घर त्या बसच्या वाटेवर आहे. माझ्याकडे तुझ्यासाठी वेगळी खोली होती, धुतलेल्या चादरी होत्या. मी विचारलं, आवाज नीट ठेवून, की इथे येऊन ती काय करायची?

‘काही नाही. झोपायची. मी शेंगा सोलायची. उठली की जायची.’

‘माझ्याकडे का नाही आली?’

हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. आजींनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, ‘सेन्सेइ, तुमच्याकडे आली असती तर तिला बोलावं लागलं असतं. तुमच्यासमोर गप्प बसायला तिला आवडायचं नाही. तुमच्यासाठी ती ताकद राखून ठेवायची.’

मी चहा संपवला. वाकून निरोप घेतला. गाडीत येऊन बसले.

म्हणजे तुझ्यात जे काही उरलं होतं, ते सगळं तू माझ्याशी भांडण्यात घातलंस. पोह्यांतल्या बटाट्यावर. हे मला कुणी दिलं असतं? नवऱ्यानेसुद्धा नाही. मला ते समजतं, आणि मी तुझी ऋणी आहे, आणि जन्मभर राहीन.

पण मला तुझं झोपणंही हवं होतं, विशाखा.